आईची काच, मुलाची काच: नाकातल्या पेशींच्या तपासणीचं एक प्रकरण

रुग्ण: वय 44, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी गृहिणी. घरूनच भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकतात. पुढे त्यांना काकू म्हटलं आहे. त्यांच्या संमतीने लिहितो आहोत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार तीन वर्षांची. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, नाकातून पाणी, नाकपुड्या आलटून पालटून बंद, रात्री तोंडाने श्वास. या सगळ्याची त्यांना सवय झाली होती. त्या आल्या ते वेगळ्याच कारणाने. वर्षभरात वास कमी कमी होत जवळजवळ गेला होता. भाजणीचं प्रत्येक धान्य वेगळं भाजावं लागतं आणि कढई कधी उतरवायची हे रंगाआधी नाकाला कळतं. "हरभऱ्याची डाळ करपली तरी मला पत्ता लागत नाही, जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या की त्या सांगतात," हे त्यांचं वाक्य होतं. दोन वेळा अख्खा घाणा फुकट गेला होता. नाक गळणं त्या सोसत होत्या, वास जाणं म्हणजे धंदाच जाणं होतं.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं की नाकातल्या पेशींची तपासणी, म्हणजे नेझल सायटॉलॉजी (नाकाचं अस्तर हलकेच खरवडून पेशी काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या), अनेकदा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचली जाते. काचेवर इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसले की ॲलर्जी, दिसले नाहीत की ॲलर्जी नाही, असा सरळ हिशोब लावला जातो. या एकाच घरात तो हिशोब दोन्ही बाजूंनी चुकला असता.

आधीचे कागद

काकूंच्या पिशवीत बरेच कागद होते. रक्तातला एकूण आयजीई (ॲलर्जीशी जोडलं जाणारं प्रतिपिंड) 312, त्यापुढे ठळक अक्षरांत 'वाढलेला'. त्याच्या जोडीला रक्तावरून केलेलं ॲलर्जीचं मोठं पॅनल, त्यात दूध, गहू, तूरडाळ, वांगं यांच्यासमोर कमी-अधिक आकडे. त्या कागदावरून त्यांनी चार महिने हे सगळं बंद केलं. वजन उतरलं, नाक होतं तसंच राहिलं. याच आकड्यांवरून त्यांना ॲलर्जीची इंजेक्शनं सुचवली होती. तीन वर्षांचा कोर्स होता, खर्चामुळे त्यांनी तो लांबणीवर टाकला होता.

एकूण आयजीईवर इतका भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो. पोटातले जंत, त्वचेचा इसब, दमा, धूम्रपान, कितीतरी कारणांनी तो वाढतो, आणि नाकाची अस्सल ॲलर्जी असलेल्या अनेकांत तो अगदी सर्वसाधारण असतो. पदार्थांच्या पॅनलमधला आकडा फार तर शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे इतकं दाखवतो. तो पदार्थ खाऊन त्रास होतो का, हे त्यावरून कळत नाही. काकूंना दूध पिऊन किंवा पोळी खाऊन कधीही काही झालं नव्हतं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

औषधांमध्ये लेव्होसेट्रिझिन आणि माँटेलुकास्ट या ॲलर्जीच्या दोन औषधांची एकत्र गोळी बरेच महिने चालू होती. माँटेलुकास्टबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये मनःस्थितीवरच्या दुष्परिणामांचा ठळक इशारा दिला आहे, आणि नाकाच्या ॲलर्जीत इतर औषधांनी भागत नसेल तरच ते वापरावं असं सांगितलं आहे. आपल्याकडे मात्र ही जोडगोळी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय सर्रास घेतली जाते. शिवाय झोपताना नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब. असे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. काकू या फेऱ्यात आठ महिने होत्या. स्टेरॉइडचा स्प्रेही एकदा मिळाला होता. चार दिवस मारला, फरक दिसला नाही म्हणून कपाटात गेला.

सगळ्यांत बोलका कागद एका जुन्या चिठ्ठीचा होता. मागच्या हिवाळ्यात खोकल्यासाठी कुणीतरी आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. काकूंना गोळीचं नाव माहीत नव्हतं, पण त्या दिवसांत आठवडाभर वास परत आला होता हे स्पष्ट आठवत होतं. वासाचे मज्जातंतूच मेले असते तर तो असा परतला नसता. कोविडमध्ये, 2021 सालीही त्यांचा वास गेला होता, पण तो महिन्याभरात पूर्ण आला होता. म्हणजे आत्ताचं कारण नाकाच्या अस्तरातला दाह, आणि तो स्टेरॉइडला दबणारा, एवढं काच करण्याआधीच हाती होतं.

मोहरी, मिरची, धूळ

ग्वाल्हेरात नाकाच्या त्रासाला दोष द्यायला गोष्टींची वाण नाही. मुरैना, भिंड, ग्वाल्हेर हा सगळा पट्टा मोहरीचा. डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना पिवळी शेतं. घरच्यांचं ठाम मत होतं की हा मोहरीच्या फुलाचा त्रास आहे. पण मोहरीचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाहून नेण्याचं काम मुख्यतः मधमाश्या करतात, आणि शेतापासून फार लांब, लष्करच्या गल्लीपर्यंत तो भरपूर प्रमाणात येईल हे कठीण. शिवाय काकू आल्या तेव्हा एप्रिल संपत आला होता. मोहरी कापून महिना उलटला तरी त्रास तसूभरही कमी नव्हता.

दुसरा संशय राजस्थानाकडून येणाऱ्या उन्हाळी वाऱ्यावर. धुळीने नाक चुरचुरतं हे खरं, पण पावसाळ्यात ती खाली बसल्यावर आराम पडायला हवा होता, तो पडत नव्हता.

तिसरा संशय आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञ सहकाऱ्यांचा, आणि तो सर्वांत भारदस्त होता: मसाला. काकू दाल बाजारातून मिरची, धने आणून घरच्या छोट्या चक्कीवर दळतात. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या संवेदी तंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चेतवतं. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. या मार्गाने शिंका, पाणी, चोंदणं सगळं होतं आणि त्यात ॲलर्जीचा काही संबंध नसतो. असं असेल तर काचेवर इओसिनोफिल नगण्य दिसायला हवेत. सततच्या तिखट धुळीने अस्तर दुखावलेलं असेल तर फार तर न्यूट्रोफिल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढलेले दिसतील. म्हणजे तपासणीला एक नेमका प्रश्न होता. असा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आला की वाचणाऱ्याचं काम निम्मं सोपं होतं, म्हणून तपासणी मागवणाऱ्यांनी तो लिहावाच.

काच तयार होताना

ही तपासणी स्वस्त आहे, पण ती बिघडवणं फार सोपं आहे. म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

आधी रुग्णाला नाक शिंकरायला सांगायचं. शिंकरलेल्या शेंबडातही पेशी असतात, पण त्या बऱ्याचशा मेलेल्या, फुगलेल्या. आपल्याला अस्तराचा वरचा थर हवा. नाकात बाजूच्या भिंतीवर खालचा टर्बिनेट (अस्तराने झाकलेला हाडाचा उंचवटा) असतो, त्याच्या मधल्या तिसऱ्या भागावरून प्लॅस्टिकच्या बारीक क्युरेटने (खरवडायच्या चमच्याने), प्रकाशात नीट पाहत, दोन-तीन वेळा हलकेच खरवडायचं. भूल लागत नाही. डोळ्यांत पाणी येतं, बहुधा एक शिंक येते, काही सेकंदांत संपतं. नमुना लगेच काचेवर पातळ पसरून हवेत वाळवायचा.

नमुना पुढूनच, नाकपुडीच्या तोंडाशी घेतला तर काचेवर नुसत्या चपट्या स्क्वॅमस पेशी येतात. अशी काच दिसली की ती वाचायची नाही, परत घ्यायला सांगायचं. 'इओसिनोफिल नाहीत' असे कितीतरी रिपोर्ट अशा काचांवर लिहिले जातात, आणि ते वाचून रुग्णाचा उपचार बदलतो. हे थांबायला हवं.

रंग आम्ही लेशमनचा वापरतो. इओसिन आणि मेथिलीन ब्लू यांचं हे मिश्रण आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत रक्ताच्या काचेसाठी असतंच, नवीन काही आणावं लागत नाही. इओसिनोफिल ओळखू येतो तो इओसिनमुळेच. पॉल एर्लिक यांनी 1879 मध्ये ही पेशी वेगळी दाखवली ती अशाच रंगांच्या साहाय्याने. अट एकच, बफर 6.8 सामूचा हवा. बोअरचं पाणी घालून रंग पातळ केला तर तो अल्कधर्मी होतो, सगळी काच निळसर पडते आणि नारिंगी-लाल कण फिके, करडे दिसतात. मग इओसिनोफिल न्यूट्रोफिल म्हणून मोजले जातात. नाकाच्या काचेत शेंबडाचा थर स्वतःच निळा रंग पितो, त्यामुळे ही चूक रक्ताच्या काचेपेक्षा इथे जास्त महाग पडते.

वाचन तेलाच्या भिंगाखाली, हजारपट मोठं करून, निदान पन्नास क्षेत्रं. निरोगी नाकात केसाळ स्तंभाकार पेशी सर्वांत जास्त, मधून मधून शेंबूड तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी, तळाच्या काही पेशी, आणि तुरळक न्यूट्रोफिल. इओसिनोफिल आणि मास्ट पेशी (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या) जवळजवळ नसतात.

टक्केवारी कशाची, हे रिपोर्टात लिहिणं आवश्यक आहे. कुणी सर्व पेशींमागे मोजतं, कुणी फक्त दाहक पेशींमागे, आणि उंबरठाही कुठे 5, कुठे 10, कुठे 20 टक्के. एका प्रयोगशाळेतले 12 आणि दुसरीतले 12 यांची तुलना होऊ शकत नाही. आम्ही दाहक पेशींमागे मोजतो आणि तसं छापतो.

काकूंच्या बाबतीत आणखी एक पथ्य होतं. नाकातला स्टेरॉइड स्प्रे किंवा स्टेरॉइडची गोळी इओसिनोफिलांना काचेवरून अक्षरशः पुसून टाकते. त्यांचा स्प्रे केव्हाच बंद होता, गोळ्या हिवाळ्यात संपल्या होत्या. झायलोमेटाझोलिनचे थेंब त्या दिवशीपासून थांबवले आणि दोन आठवड्यांनी नमुना घेतला. हे दोन आठवडे त्यांना फार जड गेले. घरच्यांनी त्यांना थेंब परत आणून दिले नाहीत, त्यांचं मोल इथे नोंदवायला हवं.

काय दिसलं

दाहक पेशींपैकी 38 टक्के इओसिनोफिल. बरेचसे फुटलेले, कण बाहेर विखुरलेले. मास्ट पेशी एखाददुसरी. न्यूट्रोफिल बेताचे, पेशींच्या आत किंवा बाहेर जंतू नाहीत. केसाळ पेशी कमी झालेल्या, गॉब्लेट पेशी वाढलेल्या.

कण विखुरलेले असणं महत्त्वाचं. इओसिनोफिलच्या कणांतली प्रथिनं अस्तराला इजा करतात आणि केसांची हालचाल मंदावतात. नुसता आकडा मोठा असण्यापेक्षा या पेशी तिथे काम करत आहेत हे त्यावरून कळतं.

मिरचीचा संशय एकटा टिकत नव्हता. तिखट धूळ नाक चाळवत असेलच, पण ती इतके इओसिनोफिल बोलावून आणत नाही. आणि इथेच सर्वांत सोपी चूक होण्यासारखी होती. आयजीई वाढलेला, पॅनलमध्ये आकडे, शिंका, पाणी, आणि आता काचेवर इओसिनोफिल. ॲलर्जिक ऱ्हायनायटिस, म्हणजे ॲलर्जीमुळे नाकाचा दाह, असं लिहून मोकळं होता आलं असतं. आयर्मन यांनी 1927 मध्ये ॲलर्जीच्या रुग्णांच्या नाकातल्या स्रावात इओसिनोफिल सापडतात हे मांडलं, तेव्हापासून ही जोडी डोक्यात पक्की बसली आहे.

आम्ही रिपोर्टात एवढंच लिहिलं: 'नाकाच्या अस्तरात ठळक इओसिनोफिलिक दाह. जंतुसंसर्गाची चिन्हं नाहीत. ॲलर्जी आहे की नाही हे या तपासणीवरून ठरत नाही, त्वचेची चाचणी करावी.' ही तिसरी ओळ आवश्यक होती. इओसिनोफिल ही दाहाची जात आहे. तिला बोलावणारा निरोप आयजीईमार्फत येऊ शकतो, तसाच आयजीईला वळसा घालूनही येऊ शकतो, आणि भिंगाखाली दोन्हींत फरक दिसत नाही.

त्वचेची चाचणी

लेव्होसेट्रिझिन आठवडाभर थांबवून हाताच्या आतल्या बाजूला स्किन प्रिक टेस्ट केली. धुळीतल्या किड्यांचे दोन्ही प्रकार, झुरळ, दोन बुरश्या, हरळी, गाजर गवत, राजगिरा-चाकवताच्या कुळातले पराग, विलायती बाभूळ, चिलबिल. चंबळच्या खोऱ्यात जमिनीची धूप रोखण्यासाठी विलायती बाभळीचं बी विमानातून पेरलं गेलं होतं, आता ती या भागात सगळीकडे आहे. महाराष्ट्रात ज्याला वावळ म्हणतात तेच चिलबिलाचं झाड. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाऱ्यावर पराग सोडतं, आणि उत्तर भारतात नाकाच्या ॲलर्जीचं एक मोठं कारण आहे. या शहरासाठी चाचणी मागवताना ही दोन झाडं यादीत आहेत का हे पाहून घ्यावं. कुठूनतरी आलेल्या तयार यादीत बर्चचा पराग असतो आणि चिलबिल नसतं.

पंधरा मिनिटांनी हिस्टामिनच्या जागी 6 मिलीमीटरची गांधी (फुगवटा) उठली, म्हणजे त्वचा प्रतिसाद देत होती आणि गोळीचा असर उतरला होता. सलाइनच्या जागी काही नाही. बाकी सगळीकडे शून्य, झुरळाच्या जागी जेमतेम 2 मिलीमीटर. निदान 3 तरी लागतात. काकूंनी घरून आणलेले धने, मेथी आणि हरभऱ्याचं पीठ वापरूनही टोचून पाहिलं, कारण मेथी आणि धने दळणाऱ्यांत खरी ॲलर्जी होऊ शकते. तेही कोरं. मिरची टोचली नाही. ती कुणाच्याही त्वचेला लाल करते, त्यातून काही कळत नाही. किड्यांविरुद्धचा विशिष्ट आयजीई रक्तातही सापडला नाही.

इओसिनोफिल भरपूर, ॲलर्जीचा पुरावा नाही, वास गेलेला, त्रास बारमाही. या चित्राला नॅरेस म्हणतात, इओसिनोफिलांसह असणारा बिगर-ॲलर्जी ऱ्हायनायटिस. 1981 मध्ये जेकब्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. वास जाणं हे त्याचं ठळक लक्षण आहे, आणि यातल्या काही रुग्णांत पुढे नाकात पॉलिप (अस्तराच्या मऊ गाठी), दमा, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांची असहिष्णुता दिसते. म्हणून निदान झाल्यावर प्रश्न बदलले. वेदनाशामक घेऊन कधी दम लागला होता का? नाही, गुडघ्यासाठी त्या अधूनमधून घेतात, काही होत नाही. रात्री खोकला? हो, पण तो मसाल्याचा म्हणून सोडून दिलेला. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीत, श्वासनळ्या रुंदावणाऱ्या सालब्युटामॉलनंतर पहिल्या सेकंदाचा श्वास 14 टक्के आणि 260 मिलिलिटरने वाढला. 12 टक्के आणि 200 मिलिलिटर ही मर्यादा धरतात. सौम्य दमा होता. दुर्बिणीतून पाहिल्यावर मधल्या टर्बिनेटखाली दोन्हीकडे अस्तर पाणीदार सुजलेलं, पॉलिपची सुरुवात म्हणावी असं.

काच नसती तर हा दमा अजून काही वर्षं मसाल्याचा खोकलाच राहिला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एक शक्यता शिल्लक होती. काहींच्या बाबतीत आयजीई फक्त नाकाच्या अस्तरातच तयार होतो, त्वचा आणि रक्त दोन्ही कोरे राहतात. त्याला स्थानिक ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात आणि तो सिद्ध करायला संशयित पदार्थ नाकातच सोडून पाहावा लागतो. ही चाचणी मोजक्या केंद्रांत होते. दमा असलेल्या रुग्णावर ती सोय नसताना करणं आम्हाला योग्य वाटलं नाही. काकूंच्या इतिहासात विशिष्ट जागा, ऋतू किंवा वस्तू यांच्याशी नातं दिसत नव्हतं. बहिणीकडे पुण्याला महिनाभर राहूनही, तिथे चक्की नाही, मिरची नाही, नाक तसंच होतं. त्यामुळे ही शक्यता कमी धरली, नाहीशी धरली नाही.

मुलगा

जूनमध्ये काकू तपासणीला आल्या तेव्हा सोबत मुलगा होता, नुकताच अकरावीत गेलेला. त्यालाही शिंका येतात, आईचंच आलं असणार, त्याचीही काच करा, असा आग्रह. त्याचा त्रास विचारला तर वेगळाच होता. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत शिंका, डोळे लाल, टाळूला खाज. एप्रिलपासून काही नाही. वास उत्तम.

काच केली. केसाळ पेशी व्यवस्थित, तुरळक न्यूट्रोफिल, पन्नास क्षेत्रांत एकही इओसिनोफिल नाही. ही काच पाहून याला ॲलर्जी नाही म्हणता आलं असतं. त्वचेवर मात्र चिलबिलाच्या जागी 8 मिलीमीटर आणि विलायती बाभळीच्या जागी 5 मिलीमीटरची गांधी उठली. त्यांच्या गल्लीच्या टोकाला चिलबिलाची दोन मोठी झाडं आहेत. जूनमध्ये त्यांना फूल नाही, हवेत पराग नाही, नाकात इओसिनोफिल नाहीत. पराग नाकात गेल्यावर मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात, काही तासांनी इओसिनोफिल जमू लागतात, आणि संपर्क थांबला की त्यांची संख्या उतरते. मोसमी ॲलर्जीची काच मोसमाबाहेर करणं म्हणजे होळी झाल्यावर महिन्याने रंग शोधणं.

पुढच्या मार्चमध्ये, औषध सुरू करण्याआधी, त्याची काच पुन्हा केली. इओसिनोफिल 27 टक्के, मास्ट पेशी सहज दिसणाऱ्या, न्यूट्रोफिलही वाढलेले. आईच्या पहिल्या काचेशेजारी ठेवली तर पटकन फरक सांगता येणार नाही अशी. एका काचेमागे ॲलर्जी आहे, एकीमागे नाही. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही या दोन काचा नाव झाकून वाचायला देतो, आणि मग दोघांच्या त्वचेच्या चाचणीचे कागद दाखवतो.

उपचार, आणि काचेचा दुसरा उपयोग

काकूंना मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे, दम्यासाठी इन्हेलर आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी उकळून गार केलेलंच, कारण नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातला नेग्लेरिया अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर जीव घेतो. स्प्रे कसा मारायचा हे समोर बसवून करून घेतलं: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या कानाकडे, आणि जोरात ओढायचं नाही. मागच्या वेळी त्या मधल्या पडद्यावरच मारत होत्या. या औषधाचा पुरता परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, हेही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दूध, गहू, तूरडाळ, वांगं परत सुरू. सुचवलेली इंजेक्शनं रद्द. ती विशिष्ट ॲलर्जीविरुद्ध असतात, इथे तिचा पुरावाच नव्हता.

चक्कीचं काय? ती बंद करा असं आम्ही सांगितलं नाही. दळताना मास्क, उघडी खिडकी, आणि मिरची शक्यतो बाहेरून दळून. एका कुटुंबाचं उत्पन्न त्यावर आहे, आणि मूळ आजाराचं कारण ती असल्याचा पुरावा काचेने दिला नव्हता.

सहा आठवड्यांनी वास परतायला लागला. आधी हिंग, मग भाजलेले धने, जिऱ्याचा खमंगपणा सर्वांत शेवटी. आठव्या आठवड्यातल्या काचेवर इओसिनोफिल 4 टक्के.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या ऑर्डरींच्या गडबडीत आणि स्टेरॉइडची सवय लागते या शेजारच्या सल्ल्यावरून त्यांनी स्प्रे बंद केला. डिसेंबरमध्ये आल्या तेव्हा म्हणाल्या, नाक मोकळं आहे, फक्त वास थोडा मंद वाटतो. काचेवर इओसिनोफिल 22 टक्के. नाक चोंदायच्या आधीच आत काय सुरू झालं आहे हे त्यांना भिंगातून दाखवलं. नारिंगी कणांच्या पेशी त्यांनी स्वतः पाहिल्या, आठव्या आठवड्यातली काचही शेजारी पाहिली. स्प्रे त्या दिवशीच सुरू झाला. नाकात मारलेल्या मोमेटासोनचा फारच थोडा अंश रक्तात जातो, हे आम्ही आधीही सांगितलं होतं. पण त्यांच्या मनातली भीती त्या शब्दांनी गेली नव्हती, ती दोन काचा पाहून गेली.

सध्या काकू स्प्रेच्या कमीत कमी मात्रेवर आहेत, दमा आटोक्यात आहे, वास पहिल्यासारखा नसला तरी भाजणीपुरता पुरेसा आहे. वर्षातून एकदा दुर्बिणीने पॉलिप पाहायचे आणि लक्षणं बदलली तर काच. नुसत्या सवयीने दर तीन महिन्यांनी काच करण्याची गरज नाही.

मुलाचं वेगळं आहे. त्याची बारावीची बोर्डाची परीक्षा नेमकी चिलबिलाच्या मोसमात येते. झोप आणणाऱ्या गोळ्या परीक्षेत नकोत, म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासूनच स्प्रे सुरू करायचा, गरज पडली तर जोडीला फेक्सोफेनाडिन (झोप फारशी न आणणारी ॲलर्जीची गोळी), तेही साध्या पाण्याबरोबर, कारण फळांच्या रसाबरोबर ते नीट शोषलं जात नाही. चिलबिलाच्या अर्काची इम्युनोथेरपी (ॲलर्जीविरुद्धचा तोच लांबचा कोर्स) त्याच्या बाबतीत विचारात घेण्यासारखी आहे. तीन वर्षांची बांधिलकी असल्याने परीक्षेनंतर, तो कुठल्या शहरात शिकायला जातो आणि तिथे हे झाड आहे का हे पाहून, घरच्यांशी बोलून ठरवायचं आहे.